नकार कळवताना

रविवार, रात्र

तुळशीचं लग्न लागलं की स्थळांचे फोन वाढतात. भेटी होतात, आणि नकार द्यायचा असला की घरातले एकच कारण पुढे करतात: ‘पत्रिका जुळत नाही.’ यात कुणाचा अपमान होत नाही, म्हणून मोठ्यांना ते सोयीचं वाटतं. पण पत्रिका दोन्ही घरी असते. समोरचे आपल्या गुरुजींकडे जातात, 36 पैकी 18 गुण पुरतात आणि इथे तर 24 निघतात. एकनाड, म्हणजे दोघांची नाडी एकच, असं म्हणावं, तर नाडीचे 8 गुण गेले तरी बेरीज 18च्या वर राहू शकते. वर कुणीतरी शांती सुचवतं. पुन्हा फोन. ‘सध्या नोकरीकडे लक्ष द्यायचंय’ म्हटलं, तर ‘सहा महिने थांबू’ असं उत्तर येतं. ज्या कारणावर तोडगा निघतो, त्याने नकार पोचतच नाही. तिकडे एक मुलगा किंवा मुलगी आशेवर राहते, आणि हे मला फार लागतं.

जी दोघं भेटली, त्यांनीच एकमेकांना कळवावं. दोन-तीन दिवसांत, आणि मोठ्यांचा फोन जायच्या आधी. एवढा मेसेज पुरतो: ‘भेटून बरं वाटलं. मी नीट विचार केला, मला लग्नासाठी पुढे जायचं नाही. घरी सांगितलंय, बाबा उद्या काकांना फोन करतील.’ ‘बघू’, ‘सध्या तरी’, ‘कदाचित’ हे शब्द त्यात नकोत. तेवढ्या फटीतून आशा शिरते. ‘का?’ विचारलं तर ‘आपलं जमेल असं मला वाटत नाही’ म्हणावं आणि थांबावं. उंची, रंग, वजन, पगार यांवरचं मत खरं असलं तरी ते ऐकवायचा हक्क आपल्याला नाही.

स्वतःबद्दलचं मात्र काही झाकू नये. डोक्यावरचं कर्ज, चालू असलेली औषधं, मूल हवं की नको, आई-वडील सोबत राहणार का, हे दुसऱ्या भेटीतच बोलावं. बैठक ठरली, कार्यालयाला आगाऊ रक्कम गेली, की तेच सांगणं दोन्ही घरांना फसवणूक वाटतं.

आणि मनात दुसरं कुणी असताना केवळ घरच्यांच्या आग्रहाने आला असाल, तर ते पहिल्याच भेटीत, चहा यायच्या आत सांगावं. नकार कुणी कळवायचा, हेही मग तिथेच दोघांनी ठरवून उठावं.