मनोरमाबाईंच्या मृत्यूनंतर
१९२१ साली पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. निराधार स्त्रियांसाठी रमाबाईंनी उभारलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनचा कारभार जिच्या हाती सोपवायचा तीच आधी गेली, आणि थकलेल्या रमाबाई बायबलच्या मराठी भाषांतराचे काम पुढे रेटत राहिल्या. अशा वेळी ‘देव परीक्षा पाहतो’ हे ठरावीक उत्तर मला, खरे सांगायचे तर, निर्दयपणाचे वाटते. बायबलमधल्या ईयोबाचे, म्हणजे नीतिमान असूनही सर्वस्व गमावलेल्या माणसाचे, मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्याने बसले तोवर ठीक होते. पुढे ते त्याच्या दुःखाचे मूळ त्याच्याच पापात शोधू लागले, तेव्हा देवाचा कोप तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे, तर त्यांच्यावर झाला. वधस्तंभावरून खुद्द ख्रिस्तानेच ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ असे विचारले असताना, हा प्रश्न अश्रद्धेचा मानायला मी तयार नाही.