कोंग्सफ्योर्डमध्ये हायड्रोफोन टाकायला जाताय? आधी हे वाचा

उन्हाळ्यात नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर जाऊन आलो, काम होतं तिथल्या कोंग्सफ्योर्ड या खाडीतला पाण्याखालचा आवाज हायड्रोफोनने, म्हणजे पाण्याखालच्या मायक्रोफोनने, रेकॉर्ड करायचं. लाँगइयरब्येनहून छोट्या विमानाने न्यू-ओलेसुंड गावी, आपलं (भारताचं) हिमाद्री संशोधन स्टेशन २००८ पासून तिथंच आहे.

पहिली सूचना, गावात रेडिओ शांतता पाळतात. वायफाय, ब्लूटूथ बंद म्हणजे बंद, त्यामुळे ब्लूटूथवर चालणारा रेकॉर्डर नेऊ नका, केबलवालाच न्या आणि घड्याळ जीपीएसशी जुळवूनच बोटीत चढा.

आता मुद्द्याचं. क्रोनेब्रीन हिमनदीच्या बाजूला गेलं की पाणी लालसर गढूळ दिसायला लागतं, बर्फाचे तुकडे तरंगत असतात आणि इंजिन बंद केल्यावर नुसत्या कानाने तडतड ऐकू येते. जुन्या बर्फात दाबाखाली अडकलेली हवा वितळताना फुटते तिचा हा आवाज, आणि हायड्रोफोनवर तर साधारण १ ते ३ किलोहर्ट्झमध्ये तो बाकी सगळ्यावर मात करतो. सील, व्हेल ऐकायचे असतील तर हिमनदीच्या तोंडापासून लांब जा. तसंही कडा कधी कोसळेल आणि लाट येईल सांगता येत नाही.

पण माझं कळकळीचं सांगणं एकच आहे, सीटीडी (खोलीनुसार पाण्याचं तापमान आणि क्षारता मोजणारं यंत्र) टाकल्याशिवाय हायड्रोफोन टाकू नका. वर वितळलेलं गोडं पाणी, खाली अटलांटिकचं उबदार खारट पाणी, आणि थंड पाण्यात १ अंश तापमान बदललं की ध्वनीचा वेग सेकंदाला सव्वाचार-साडेचार मीटरने बदलतो, क्षारता (एक किलो पाण्यात किती ग्रॅम क्षार) १ ने बदलली तर सव्वा मीटरच्या आसपास. म्हणजे वरच्या थरात क्षारता ३४ वरून २८ वर आली की तेवढ्यानेच वेग ८ मीटरने कमी! वर वेग कमी असला की आवाज वरच्या बाजूला वळतो, पृष्ठभागावर आपटून परत खाली, परत वर, असा वरच्याच थरात अडकून लांब जातो. हिवाळ्यात वर समुद्रबर्फ असेल तर त्याच्या खडबडीत तळावर आपटून उच्च वारंवारता विखुरते, कमी वारंवारता मात्र टिकते. म्हणून एकाच खोलीवरचं रेकॉर्डिंग घेऊन "इथं शांत आहे" असं लिहायला जाऊ नका, वरच्या थरात एक आणि त्याच्या खाली एक हायड्रोफोन ठेवा.

सीटीडी सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही वेळा टाका, भरती-ओहोटीत थर सरकतात. सेन्सर आधी पाण्यात थोडा वेळ धरून ठेवा, थेट सोडला तर वरचे मीटरभराचे आकडे वाया जातात आणि नेमका तोच थर आपल्याला हवा असतो. बोट वाहू द्या, दोर ताणला की प्रवाहाचा घुमणारा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येतो, मध्ये बंजी दोर लावला तर लाटांचे झटकेही कमी होतात. वारा, बर्फ, जवळून गेलेली बोट, सगळं वेळेसकट वहीत पेन्सिलनेच लिहा, ओल्या थंडीत पेन चालत नाही. बॅटऱ्या दुप्पट न्या आणि जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा.