दुसऱ्यात टाकताना

गाडी चालवणाऱ्याचा हात किती बसलाय हे बघायचं, तर शेजारच्या सीटवरच्या माणसाची मान बघावी. पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात जाताना ती आधी पुढे आणि मग मागे डुलत असेल, तर मांडीवरचा आमटीचा डबा त्याने दोन्ही हातांनी धरलेला बरा.

झटक्याचं खापर बहुतेक जण हातावर फोडतात. गिअरची दांडी हळू सरकवली की गाडी मऊ चालते, अशी समजूत. खरं तर झटका वेगांच्या फरकाचा असतो. इंजिन आपल्या वेगाने फिरतंय, त्याला चाकांशी जोडणारी क्लचप्लेट चाकांच्या हिशोबाने. क्लच सुटून दोघं एकमेकांना भिडले की उरलेला फरक मानेवर निघतो.

हा फरक दुसऱ्या गिअरलाच एवढा का, ते आकड्यांत बघू. लहान पेट्रोल गाडीत गिअरची प्रमाणं, म्हणजे गिअरबॉक्समधून बाहेर निघणाऱ्या एका फेऱ्यामागे इंजिनचे फेरे, साधारण 3.55, 1.90, 1.28, 0.97 आणि 0.76 अशी असतात. पहिल्यात इंजिन 2,500 आरपीएमवर (मिनिटाला फेरे) असताना दुसरा टाकला, तर त्याला 1,350 च्या आसपास उतरावं लागतं. तेच चौथ्यातून पाचव्यात जाताना 1,950 वर भागतं. म्हणून पाचवा कोणीही छान टाकतो. हात कळतो तो दुसऱ्यात.

उजवा पाय ॲक्सिलरेटरवरून सुटायला लागला की लगेच डावा क्लचवर जावा. उजवा मागे राहिला तर इंजिन मोकळंच ओरडतं. फार आधी निघाला तर गाडी नाक खाली घालते. क्लच पूर्ण दाबून दांडी न्यूट्रलपर्यंत आणायची, तिथे मनात ‘एक’ म्हणण्याइतकं थांबायचं आणि मग खाली ओढायची. त्या ‘एक’मध्ये इंजिन उतरून येतं. घाई केली तर गाडी पुढे उडी मारते. रेंगाळलात तर इंजिन 800 वर जाऊन बसतं, क्लच सोडल्यावर चाकं त्याला ओढून वर नेतात आणि ब्रेक मारल्यासारखं होतं. झटका दोन्हीकडे, फक्त मान उलट्या दिशेला. नव्या गाड्यांत हा ‘एक’ जरा लांबवावा लागतो, कारण धुराचे नियम पाळण्यासाठी पाय काढल्यावरही थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारं झाकण, हळूहळू मिटवलेलं असतं आणि आरपीएम लोंबकळत राहतो.

क्लच सोडताना पेडलचा सगळा प्रवास सारख्या गतीने करायचा नसतो. वरचा आणि खालचा टप्पा रिकामाच असतो, तो झटकन संपवावा. मधला बोटभर टप्पा महत्त्वाचा. तिथे प्लेट पकडते, इंजिनचा आवाज किंचित जड होतो, उभ्या गाडीत बॉनेट हलकेच उचललं जातं. तिथे पाय क्षणभर स्थिर ठेवायचा. त्याला क्षणभरच म्हणतात. सिग्नलचा अख्खा मिनिट हाफ क्लचवर काढला की प्लेट जळते. चालत्या गाडीत पाय क्लचवर टेकवून ठेवायची सवय असेल, तर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग विनाकारण फिरत राहून झिजतं.

गिअर खरखरला की लोक आधी गिअरबॉक्सला नावं ठेवतात. त्याआधी खाली वाकून मॅट बघावी. एकावर एक दोन मॅट टाकलेल्या असतात, वरची सरकून क्लचखाली जाते आणि पेडल तळाला टेकतच नाही. सीट फार मागे असली तरी हेच होतं. क्लच तळाला असतानाही गुडघा थोडा वाकलेला राहील इतकी सीट पुढे हवी.

गिअरबॉक्सच्या आतल्या सिंक्रो रिंगा फार मदत करतात. धावती लोकल पकडणारा फलाटावर आधी गाडीइतकं धावून घेतो आणि मगच दांड्याला हात घालतो. रिंग तेच करते, दाते भिडण्याआधी दोन्ही बाजू एका वेगावर आणते. कॅडिलॅकने 1928 साली ही सोय मोटारीत आणली. तोवर सगळे डबल क्लच मारत, म्हणजे न्यूट्रलमध्ये क्लच एकदा सोडून पुन्हा दाबत. पण रिंगेची ताकद फक्त गिअरबॉक्सचा शाफ्ट (फिरता दांडा) आणि क्लचप्लेटपुरती. क्लच दाबलेला असताना इंजिन तिच्या हाताबाहेर असतं, ते उजव्या पायाचंच काम. थंडीच्या सकाळी गिअर ऑइल घट्ट असतं, तेव्हा तर पहिले दोन-तीन किलोमीटर तिला दमानं घ्यावं.

दुसऱ्यातून तिसऱ्यात मूठ सैल हवी. न्यूट्रलमध्ये स्प्रिंग दांडीला आपणहून तिसऱ्या-चौथ्याच्या रेषेत आणते. उघड्या तळव्याने वर ढकललं की झालं. आवळून धरणारे भलत्याच खोबणीत घुसतात.

गिअर उतरवताना हिशोब उलटा. चौथ्यात 2,000 वर चाललेली गाडी तिसऱ्यात 2,650 मागते. क्लच दाबलेला असतानाच ॲक्सिलरेटरला अंगठ्याने टिचकी मारल्यासारखा स्पर्श करायचा आणि आरपीएम चढत असतानाच क्लच सोडायचा. हे पावसात घाट उतरताना जास्त लागतं. टिचकी न देता क्लच फटकन सोडला, तर इंजिनचा अडसर एकदम पुढच्या चाकांवर येतो आणि ओल्या वळणावर ती घसरू शकतात. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा नियम कसाऱ्याला आणि आंबेनळीला सारखाच. न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवणाऱ्यांशी वाद घालू नये, त्यांच्या गाडीत बसू नये.

रिव्हर्सला पुष्कळ गाड्यांत सिंक्रो नसतो. गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबावं, आतला शाफ्ट फिरायचा थांबतो. तेवढा धीर नसेल तर आधी पहिला किंवा दुसरा टाकून मग रिव्हर्स टाकावा, पुढे जायच्या गिअरची रिंग शाफ्टला रोखते. तरीही अडला तर दात्यासमोर दाता आलाय. न्यूट्रलमध्ये क्लच एकदा सोडून पुन्हा दाबायचा, ताकद लावायची नाही.

2014 मध्ये मारुतीची सेलेरिओ एएमटी, म्हणजे आपोआप बदलणारे गिअर, घेऊन आली आणि क्लचचं पेडलच गेलं. आत मात्र तोच क्लच, तेच गिअर. दाबायला आणि टाकायला माणसाऐवजी यंत्र. दुसऱ्यात जाताना तेही जरा थबकतं आणि शेजारची मान डुलते. अशा गाडीत गिअर बदलायच्या बेताला उजवा पाय किंचित सैल करावा. डबा तरीही धरून ठेवावा.