चाळीसगावच्या जीपला क्राउन-पिनियन कोणतं? माझं मत ४.८८

चाळीसगावचा माझा एक मित्र जुन्या जीपची हॉट रॉड (दुसरं इंजिन टाकून, फालतू भाग काढून पळायला बनवलेली जुनी गाडी) बनवतोय. टू व्हील ड्राइव्ह गाडी, मडगार्ड काढलेत, काच काढली, मूळ इंजिनाच्या जागी जुन्या अँबेसिडरचं इसुझू १८०० पेट्रोल इंजिन आणि त्याच्यासोबतचाच पाच गिअरचा बॉक्स बसवलाय. (इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आधी, गॅस कटर नंतर, हे कुणीही करणार असेल त्याने लक्षात ठेवा.) आता सगळं अडलंय मागच्या गोळ्यावर (डिफरन्शियल, मागच्या एक्सलच्या मधला). त्यातलं जुनं क्राउन-पिनियन (दातेरी चक्रांची जोडी, लहान पिनियन मोठ्या क्राउनला फिरवतं) ५.३८ चं आहे, त्याचे दात झिजलेत, बदलायचंच आहे, मग कोणतं टाकायचं? आणि जो भेटतो तो म्हणतो ३.७३ टाक भो, गाडी उडेल.

मी म्हणतो नाही उडणार, आणि का ते आज सविस्तर लिहितो कारण फोनवर हे बोलून बोलून घसा दुखायला लागलाय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ५.३८ म्हणजे प्रोपेलर शाफ्ट (गिअर बॉक्सपासून गोळ्यापर्यंतचा दांडा) ५.३८ वेळा फिरला की मागचं चाक एकदा फिरतं. पिनियनला ८ दात, क्राउनला ४३, भागाकार करा. ४.८८ म्हणजे ८ आणि ३९. आकडा मोठा तितकी ओढ जास्त आणि इंजिन जास्त फिरतं, आकडा लहान तितकी गाडी त्याच आरपीएमला जास्त पळते, पण ओढायची ताकद असेल तरच. महायुद्धातल्या विलीज एमबीला ४.८८ होतं, पुढे १९४५ ला शेतकऱ्यांसाठी सीजे-२ए काढली तेव्हा ५.३८ दिलं कारण तिच्याकडून नांगर ओढवायचा होता. म्हणजे आपल्याकडच्या जुन्या जीपा हायवेला रडतात त्यात इंजिनाचा दोष कमी, ते गिअरिंगच वावरातलं आहे.

आता हे ३.७३ आणि ३.०८ चं वेड येतं कुठून, तर अमेरिकन व्हिडिओंमधून. तिकडे १९३२ च्या फोर्डमध्ये शेवरलेचं ३५० व्ही-८ टाकतात, म्हणजे ५.७ लिटर, त्याच्यामागे टीएच३५० ऑटोमॅटिक, तीन गिअर, शेवटचा डायरेक्ट (म्हणजे १), ओव्हरड्राइव्ह (१ पेक्षा लहान आकड्याचा गिअर) नाही. २८ इंची टायरवर ताशी १०५ किमीला ३.०८ मध्ये ते इंजिन साधारण २४०० वर फिरतं, आणि एवढ्या मोठ्या इंजिनाला त्या आरपीएमला जोर काढायला काहीच त्रास नाही. पण तीच माणसं १९८२ मध्ये आलेला ७००आर४ बॉक्स लावतात, ज्याचा टॉप ०.७० आहे, तेव्हा मागे बिनधास्त ३.७३ किंवा ४.११ टाकतात, आणि ४.११ ला सुद्धा त्याच स्पीडला इंजिन २२५० च्या आसपास राहतं. व्हिडिओतला आकडा उचलताना हा बॉक्स कुणी बघत नाही, नुसता गोळा बघतात. (फोर्डच्या नऊ इंची एक्सलचा मला खरंच हेवा वाटतो, १९५७ पासूनचा, मधला गोळा पुढून अख्खा बाहेर येतो, लोक दोन गोळे तयार ठेवतात, एक रेसला एक रस्त्याला.)

म्हणून सुरुवात टायरपासून. टायरवर छापलेल्या साइजवरून हिशोब करू नका. आम्ही जळगावला अजिंठा चौफुलीजवळच्या गॅरेजमध्ये गाडी सपाट फरशीवर घेतली, हवा बरोबर भरली, दोघांना सीटवर बसवलं, टायरला खाली जिथे टेकतो तिथे खडूची रेघ आणि तिथेच फरशीवर रेघ, मग गाडी हळूहळू ढकलली, टायरची रेघ पुन्हा खाली आली तिथे दुसरी रेघ. टेप लावला, ८९ इंच. म्हणजे २.२६ मीटर. ताशी ८० म्हणजे मिनिटाला १३३३ मीटर, भागिले २.२६, चाकाचे ५९० फेरे. बास, आता याला गोळ्याचा आकडा आणि गिअरचा आकडा गुणा, इंजिनाचे आरपीएम येतात.

तिथे एक म्हातारे मिस्त्री आहेत, सगळे त्यांना आबा म्हणतात, ते आमचा सगळा हिशोब ऐकत होते आणि मित्राला एवढंच म्हणाले, "तुले गाडी कोठे चालाडनी शे, ते पहिले सांग."

हाच मुद्दा आहे. त्याला गाडी चालवायची आहे चाळीसगाववरून कन्नड घाट चढून वर, आणि इकडे जळगाववरून एरंडोल पारोळा मार्गे धुळ्यापर्यंतचा हायवे, आणि कधीतरी तोरणमाळ. घाट आहे, सपाट पण आहे, आणि सपाटीवर समोरून येणारा वारा आहे जो उघड्या जीपला कारपेक्षा कितीतरी जास्त लागतो. आणि एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो हे धरूनच चालायचं.

पाचवा गिअर ०.८५ धरू (तुमच्या बॉक्सचा जो असेल तो मोजून घ्या). ८० च्या स्पीडला पाचव्यात ५.३८ वर इंजिन २७०० फिरतं, ४.८८ वर २४५०, ४.२७ वर २१४०, आणि ३.७३ वर फक्त १८७०. या छोट्या पेट्रोल इंजिनाचा जोर येतो अडीच-तीन हजाराच्या आसपास. १८७० ला पाचव्यात समोर वारा असताना तुम्ही पाय दाबला तर ते घुसमटतं, टकटक आवाज देतं, गरम होतं, आणि ४५ डिग्रीत ते परवडत नाही. मग माणूस काय करतो, चौथा टाकतो. चौथा डायरेक्ट असतो, ३.७३ ला गुणिले १. आणि ४.८८ ला पाचव्यात गुणलं तर येतात ४.१५. म्हणजे ३.७३ वाला दिवसभर चौथ्यात २२०० ला चालणार, ४.८८ वाला पाचव्यात २४५० ला, फरक अडीचशे आरपीएमचा, आणि त्यासाठी एवढा खर्च करून आणलेला पाचवा गिअर नुसता शोभेला. शिवाय डाना ४४ (जीपच्या मागच्या एक्सलचा एक प्रकार) मध्ये ३.७३ आणि खालच्या रेशोला (म्हणजे या आकड्याला) केज, म्हणजे क्राउन ज्यावर बसतो तो भाग, वेगळा लागतो, ३.९२ आणि वरच्याला वेगळा, म्हणजे ५.३८ वरून ४.८८ ला जाताना जुनाच केज चालतो पण ३.७३ साठी तो पण शोधत फिरा.

घाटाचं बघा. जुन्या तीन गिअरच्या बॉक्सचा पहिला २.८ होता, गुणिले ५.३८ म्हणजे १५. नव्या बॉक्सचा पहिला ३.६ धरला तर ४.८८ ला साडेसतरा, ४.२७ ला १५.४, ३.७३ ला १३.४. कन्नड घाटात वळणावर पुढची गाडी थांबली आणि तुम्हाला चढावर थांबून उचलायचं आलं, तेव्हा १३.४ वाल्याचा क्लच जळका वास मारणार.

४.२७ ला माझा विरोध नाही. ज्याला घाट नकोच, आणि १०० ने हायवे करायचाय, त्याला २६८० वर छान चालेल. तीन गिअरचा जुनाच बॉक्स ठेवणाऱ्यालाही मी ४.२७ च सांगेन. पण याची गाडी चाळीसगावची आहे, घाट दारात आहे. आणि उद्या त्याने ३१ इंची टायर घातलेच (तो घालणार, मी ओळखतो त्याला) तर ४.८८ वर ८० ला साधारण २२४० येतात, तरीही जमतं, ४.२७ वर १९५० येऊन तोच घुसमटीचा त्रास.

ज्यांची गाडी फोर बाय फोर आहे त्यांनी मात्र फक्त मागचं बदलू नका. पुढे-मागे वेगळा रेशो ठेवून डांबरावर फोर व्हील टाकली की दोन्ही एक्सल एकमेकांशी भांडतात आणि काहीतरी तुटतंच. आपल्या गाडीत काय आहे ते न उघडता बघायचं असेल तर मागची दोन्ही चाकं जॅकवर घ्या, दोन्ही एकसारखी एक फेरा फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. एकच चाक उचललं असेल तर ते दोन फेरे फिरवा, कारण दुसरं जमिनीवर अडलेलं असताना क्राउन अर्धाच फिरतो. उघडलंच तर क्राउनवर बऱ्याचदा दातांचा आकडा कोरलेला सापडतो.

मीटरचं पण लक्षात ठेवा. केबल चाकावरून येत नाही, ती गोळ्याच्या आधीच निघते, त्यामुळे ५.३८ ला बरोबर दाखवणारं मीटर ४.८८ टाकल्यावर ८० दाखवेल तेव्हा गाडी ८८ ला असते.

बसवताना एका जोडीचंच क्राउन आणि पिनियन घ्या, ते कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, एक इथलं एक तिथलं चालत नाही. डायल गेज लावून प्ले (दातांमधली मोकळीक) ५ ते ९ थाऊमध्ये (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आणा, दातांना मार्किंगचा रंग लावून फिरवा आणि छाप दाताच्या मधोमध येईपर्यंत शिम (पातळ चकत्या) बदलत राहा, यात घाई करणाऱ्या मिस्त्रीकडून गाडी परत घेऊन या. नव्वद नंबरचं ईपी गिअर ऑइल भरा. पहिल्यांदा २५-३० किमी आरामात चालवून गोळा पूर्ण थंड होऊ द्या, मगच पुढे, आणि पहिले ८०० किमी होईपर्यंत ट्रॉली ओढायची नाही, घाटात पळवायची नाही. मग ते ऑइल काढून नवीन टाका, काढलेल्या ऑइलमध्ये बोट बुडवून बघा, चमकणारी बारीक पूड चालते, पण खडा लागला तर लगेच उघडा.