तुम्ही विचारलंत म्हणून

अमेरिकेतलं इलिनॉयसारखं विद्यापीठ सोडून तिथल्याच त्या ग्रिनेल कॉलेजला का गेलीस? २०१५ पासून हा प्रश्न ऐकतेय. ठाण्यात नौपाड्याला भाजी घेताना, गडकरी रंगायतनला नाटकाच्या मध्यंतरात चहाच्या रांगेत, प्रत्येक लग्नात. विचारणारे आपुलकीने विचारतात, हे कळतं मला. पण प्रश्नात उत्तर आधीच धरलेलं असतं: काहीतरी चुकलं असणार. मार्क कमी पडले असतील, पैसे कमी पडले असतील, नाहीतर कुणीतरी भलतंच डोक्यात भरवलं असेल. आजवर मी समोरचा माणूस बघून उत्तर देत आले. आज सगळं एकदाच सांगते.

आधी पैशाचं, कारण सगळ्यांचं बोट तिथेच जातं. हो, ग्रिनेलने फीचा मोठा भाग उचलला. इलिनॉय सरकारी विद्यापीठ, तिथून मला काहीच मदत मिळणार नव्हती. ग्रिनेलने हात दिला नसता तर मी गेले नसते, हेही खरं. पण इलिनॉयसाठीसुद्धा पैसे उभे राहत होते. चरईतलं आमचं घर तारण ठेवायची बाबांची तयारी झाली होती. तेव्हा निवड मी केली, परिस्थितीने नाही. ‘पैशामुळे गेली बिचारी’ असं कुणी म्हणालं की राग येतो तो एवढ्यासाठी.

अकरावी-बारावीची दोन वर्षं मी ज्या क्लासमध्ये काढली तिथे एका हॉलमध्ये दीडशे मुलं बसायची. दर महिन्याच्या टेस्टनंतर बॅच बदलायची. मी हुशार बॅचमध्ये होते, तक्रार करायला जागा नव्हती. पण दोन वर्षांत एकाही सरांना माझं नाव माहीत झालं नाही. रोल नंबर पाठ होता त्यांना. इलिनॉयला पदवीची तीस हजारांहून जास्त मुलं, पहिल्या वर्षाच्या काही तासांना एकेका सभागृहात शेकड्यांनी. कॉम्प्युटर सायन्ससाठी जगात नावाजलेलं, आणि ते रास्तच आहे. मला मात्र तो आकडा वाचून आमचा क्लासचा हॉल आठवला.

ग्रिनेल आयोवात आहे. गावाचंही नाव तेच, वस्ती नऊ हजारांच्या आसपास, चहूकडे मका आणि सोयाबीन. कॉलेज १८४६ सालचं, विद्यार्थी सतराशेच्या आत-बाहेर. सक्तीचा विषय एकच: पहिल्या सहामाहीतलं ट्युटोरियल. बारा-चौदा मुलं, एक शिक्षक, आणि मुख्य विषय ठरेपर्यंत तोच शिक्षक तुमचा सल्लागार. बाकी काय शिकायचं ते त्याच्याशी बोलून तुम्ही ठरवायचं. मला संख्याशास्त्र हवं होतं आणि इतिहासही हवा होता. आपल्याकडे तेव्हा दहावीनंतर यातलं एक बहुधा सोडावंच लागायचं.

आता तो दिवस. अमेरिकन कॉलेजांना उत्तर कळवायची तारीख एक मे. आपला महाराष्ट्र दिन, त्यामुळे बाबांना सुट्टी. तिथला एक मे संपतो तेव्हा इथे दोन तारखेचे सकाळचे साडेदहा होतात, म्हणून मी दिवसभर ढकलत राहिले. आईने आमरस-पुरी केली होती. जेवणं झाल्यावर बाबांनी टेबल पुसून घेतलं आणि निळी रेक्झिनची फाइल उघडली. घराचं ॲग्रीमेंट, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, सेक्रेटरींची एनओसी, पगाराच्या स्लिपा. एकेक कागद ओळीने मांडला. एनओसी घेतली म्हणजे सोसायटीत सगळ्यांना कळलेलं होतं. मार्चमध्ये इलिनॉयचं पत्र आलं तेव्हा त्यांनी वागळे इस्टेटमधल्या त्यांच्या कंपनीत पेढेही वाटले होते.

मी म्हणाले, “बाबा, मला ग्रिनेलला जायचंय.”

त्यांना आधी वाटलं कर्जाला घाबरतेय. “घराची काळजी तू करू नकोस. ते माझं काम.”

“कर्जाचं नाही. मला तेच कॉलेज हवंय.”

मग ते बोलले. डिप्लोमाला व्हीजेटीआय दोन मार्कांनी हुकल्याचं त्यांनी आम्हाला पूर्वी सांगितलं होतं, पण गोष्ट सांगावी तसं. त्या दिवशी वेगळं सांगितलं. म्हणाले, “पस्तीस वर्षं प्रत्येक फॉर्मवर कॉलेजचं नाव लिहितो आणि समोरचा ते वाचून पुढचा प्रश्न विचारत नाही. व्हीजेटीआयवाल्याला विचारतात. तुझ्याकडे नाव चालून आलंय आणि तू ते परत करतेस?”

आणि मी म्हणाले, “नावाला काय चाटायचंय?”

अठरा वर्षांची होते हे काही कारण नाही. ते वाक्य कुठे लागणार हे मला त्या क्षणी माहीत होतं. त्यांनी काय गमावलंय ते ऐकून झाल्यावर मी ते बोलले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती म्हणाली, “अगं, कुणाशी बोलतेस?” बाबांनी आवाज चढवला नाही. कागद ज्या क्रमाने काढले होते त्याच क्रमाने फाइलमध्ये ठेवले. चेन लावली. मग विचारलं, “ठीक आहे. मला कुणी विचारलं तर काय सांगू?”

मला उत्तर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डिपॉझिट भरायचं होतं, कार्ड त्यांचंच. मी कॉम्प्युटरसमोर आणि ते मागे उभे. सोळा आकडे त्यांनी चार-चार करून वाचून दाखवले. प्रत्येक चारांनंतर थांबायचे, मी टाइप केलं की पुढचे. दुसरं काही बोलले नाहीत.

तिथे काय मिळालं, तर पहिल्याच महिन्यात माझा निबंध ट्युटोरियलच्या बाईंनी पेन्सिलीच्या खुणांनी भरून परत दिला आणि मला खोलीत बोलावून अर्धा तास एकेका वाक्यावर विचारलं: इथे तुला काय म्हणायचं होतं? तोवर तेरा वर्षांच्या शिक्षणात मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी खोलीवर येऊन रडले. चार वर्षं मी त्यावर जगले. ते इलिनॉयला मिळालंच नसतं असं छातीठोक म्हणू शकत नाही, कारण मी तिथे गेलेच नाही. मोठ्या विद्यापीठातही नाव लक्षात ठेवणारे शिक्षक असतातच.

आणि काय गेलं तेही सांगते. २०१९ ला पदवी, तीन वर्षं तिथे नोकरी, नोकरीसाठीच्या एच-वन-बी व्हिसाच्या सोडतीत नंबर लागला नाही, मग परत ठाणे. ऐरोलीतल्या एका कंपनीच्या अर्जात कॉलेजचं नाव यादीतून निवडायचं होतं. इलिनॉय होतं. ग्रिनेल नव्हतं. ‘अदर’ निवडलं. मुलाखतीत कॉलेजबद्दल एकही प्रश्न आला नाही, आणि बाबांचं ते पस्तीस वर्षांचं वाक्य मला लोकलमध्ये ठाणे येईपर्यंत कानात ऐकू येत राहिलं.

त्या एक मेला मी त्यांना रॉबर्ट नॉईसचंही नाव ऐकवलं होतं. इंटेलच्या संस्थापकांपैकी एक, १९४९ चा ग्रिनेलचा पदवीधर. ट्रान्झिस्टर, म्हणजे रेडिओ नव्हे, तो इलेक्ट्रॉनिक्समधला छोटा भाग, नवा नवा निघाला तेव्हा भौतिकशास्त्राचे प्राध्यापक ग्रँट गेल यांनी तो मिळवून त्याला वर्गात दाखवला होता. आजही मी ही गोष्ट लोकांना सांगते. पण नावाला काय चाटायचंय म्हणणारी मुलगी पाच मिनिटांत एका मोठ्या नावाचाच आधार घेत होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. नाव नको म्हणणं कुणाला परवडतं? ज्यांच्या घरी ते आधीच आहे त्यांना. आमच्या घरी नव्हतं. तरीही त्या हॉलसारख्या जागी पुन्हा चार वर्षं बसायचं या कल्पनेने मला आजही धडकी भरते. ही दोन्ही वाक्यं माझीच आहेत आणि मला त्यांचा मेळ घालता आलेला नाही. इलिनॉयने तेवढीच मदत दिली असती तर? तरीही ग्रिनेललाच गेले असते, असं मी म्हणते. काही दिवशी ते मलाच पटत नाही.

गेल्या महिन्यात घोडबंदर रोडला एक लग्न होतं. बाबांच्या जुन्या कंपनीतले एक काका भेटले. “मुलगी अमेरिकेत कुठे होती हो?”

बाबा म्हणाले, “आयोवाला.”

“अरे वा, युनिव्हर्सिटी ऑफ आयोवा! मोठं विद्यापीठ आहे.”

बाबांनी मान हलवली. हो अशीही नाही, नाही अशीही नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काकांना वाकून नमस्कार केला आणि काही बोलले नाही.