टीअरड्रॉप ट्रेलर कुजतो तो कडांपासून

थेंबाच्या आकाराचे छोटे लाकडी ट्रेलर अमेरिकेत १९३० च्या दशकापासून लोक घरीच बांधत आले आहेत. आत दोघांना झोपण्यापुरती जागा, मागचं झाकण उचललं की स्वयंपाकाचा ओटा. लांबी बहुतेकदा ८ फूट, कारण प्लायची शीट ८ बाय ४ ची येते. आपल्याकडेही हेच माप मिळतं.

दोन्ही बाजूंना १८ मिमी प्लाय, छताला ३ मिमीचे दोन थर. छताच्या प्लायचे रेषे एका भिंतीकडून दुसरीकडे जायला हवेत, तरच तो वळतो. पुढच्या घट्ट वळणाला कोमट पाण्याने भिजवा, पट्ट्याने आवळा आणि रात्रभर तसाच राहू द्या. पूर्ण वाळल्याशिवाय डिंक लावू नका.

सगळ्यात जास्त त्रास देतं ते मागचं झाकण. झाकणाच्या सांगाड्याच्या लाकडी पट्ट्यांवर प्लाय वाकवून ते काढून घेतलं की ते थोडं उलगडतं, आणि खाली बोटभर फट राहते. त्यामुळे दोन्ही थर झाकण जागेवर असतानाच चिकटवा आणि डिंक पक्का सुकेपर्यंत क्लॅम्प सोडू नका.

प्लायच्या सपाट पृष्ठभागातून पाणी हळूहळू शिरतं. कापलेली कड मात्र स्पंजसारखी ते ओढते. दारं-खिडक्यांच्या कडा जोडणीआधीच इपॉक्सीने (दोन द्रव मिसळल्यावर घट्ट होणाऱ्या राळेने) दोन-तीनदा भरून घ्या, तळाची खालची बाजूही. बाहेरच्या प्रत्येक स्क्रूसाठी भोक मोठं पाडा, घट्ट इपॉक्सीने भरा, सुकल्यावर त्यातच बारीक भोक पाडा. काम किचकट आहे, पण मग पाणी स्क्रूवाटे लाकडापर्यंत पोचत नाही. कडांवरच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांखाली सिलिकॉन नको, ब्यूटाइल टेप (रबरी चिकट पट्टी) लावा. ती मऊच राहते. सिलिकॉनवर मात्र रंगही बसत नाही आणि पुढची दुरुस्तीही.

छताला १४ बाय १४ इंचाचा झरोका हवाच. दोघांच्या श्वासाची वाफ रात्रभरात भिंतींवर पाणी होऊन उतरते.

वजनाचा हिशोब शेवटी करू नका. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार गाडीला जोडणाऱ्या पुढच्या हुकवर यायला हवा: ४५० किलोचा ट्रेलर असेल तर ४५ ते ६८ किलो. कमी पडला तर हायवेवर ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो. पाण्याची टाकी आणि आइसबॉक्स मागे ओट्यात जातात, म्हणून ते भरून, हुकखाली वजनकाटा ठेवून मोजा. भार कमी भरला तर बॅटरी पुढे, ड्रॉबारवर (हुकपर्यंत जाणाऱ्या दांड्यावर) हलवा.