फायबरग्लास कापडाच्या पुरवठादाराला किलोचा भाव शेवटी विचारावा

रासायनिक कारखान्यांना लागणाऱ्या एफआरपीच्या (काचेचे कापड रेझिन नावाच्या द्रव राळेत भिजवून घट्ट केलेल्या प्लास्टिकच्या) टाक्या आणि घातक वायू धुऊन काढणारे स्क्रबर बनवणाऱ्या कार्यशाळेत खरेदी आणि गुणवत्ता ही दोन्ही कामे माझ्याकडे आहेत. त्यामुळे स्वस्तात माल आणल्याचे कौतुक आणि त्याच मालाविषयीची तक्रार माझ्या एकाच टेबलावर येऊन पडते.

फायबरग्लासचे कापड विकणारा पहिल्याच फोनवर किलोचा भाव सांगतो, आणि बहुतेक खरेदीदारही तेवढाच विचारतात. पण हा माल घेतला जातो वजनावर आणि वापरला जातो चौरस मीटरवर. ६०० जीएसएमचे (चौरस मीटरला ६०० ग्रॅमचे) म्हणून आलेले वोव्हन रोव्हिंग, म्हणजे जाड काचदोरांचे विणलेले कापड, प्रत्यक्षात ६४० भरले, तर १०० किलो मालातून सुमारे १६७ ऐवजी १५६ चौरस मीटरच कापड हाती येते. शिवाय हाताने केलेल्या लेअपमध्ये, म्हणजे कापडाचे थर रचून रेझिनने भिजवताना, वोव्हन रोव्हिंगला साधारण त्याच्या वजनाइतके रेझिन लागते, म्हणजे दर चौरस मीटरला जास्तीच्या ४० ग्रॅम काचेबरोबर तेवढेच रेझिनही जास्त जाते. आणि रसायनांना टिकणारे व्हिनाइल एस्टर रेझिन काचेपेक्षा महाग असते. किलोमागे दोन-तीन रुपये वाचवल्याचा आनंद या हिशेबात सहज बुडतो. उलट कापड हलके निघाले, तर ठरवलेले थर देऊनही भिंतीची जाडी भरत नाही आणि शेवटी एक थर वाढवावा लागतो.

वजन तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. १० बाय १० सेंटिमीटरचा तुकडा कापून वजन करण्याची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे, पण जाड रोव्हिंगच्या कापडात काठाचा एखादा दोर आत-बाहेर झाला तरी आकडा हलतो. म्हणून आम्ही अर्ध्या मीटरचा चौकोन कापतो. ६०० जीएसएमचे कापड असेल तर तो १५० ग्रॅम भरायला हवा. असे तुकडे रोलच्या डाव्या काठाचा, मधला आणि उजव्या काठाचा असे तीन घ्यावेत, कारण सरासरी बरोबर आणि कडा हलक्या असा माल बाजारात भरपूर आहे. चॉप्ड स्ट्रँड मॅट (न विणता, तंतूंचे तुकडे पसरून चिकटवलेला थर) तर आधी उजेडासमोर धरून पाहावी. चांगल्या मॅटमधून प्रकाश सारखा पसरलेला दिसतो. वाईट मॅटमध्ये ढगासारखे दाट पट्टे आणि त्यांच्या मध्ये जवळजवळ उघड्या जागा दिसतात, आणि त्या उघड्या जागी पुढे नुसते रेझिन साचते.

डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टी याहून महत्त्वाच्या आहेत, आणि पुरवठादाराची खरी परीक्षा तिथे होते. पहिली गोष्ट म्हणजे काचेचा प्रकार. नेहमीची ई-ग्लास बहुतेक कामांना पुरेशी असते, पण आम्लाशी संबंध येणाऱ्या टाकीत, विशेषतः भिंतीवर सतत ताण असताना, आम्ल तंतूपर्यंत पोहोचले तर ई-ग्लास ठिसूळ होऊन तडकते. अशा ठिकाणी बोरॉनविरहित ईसीआर काच वापरतात. दोन्ही कापडे शेजारी ठेवली तर अनुभवी माणसालाही फरक सांगता येणार नाही. वरचा लेप (सायझिंग) जाळून काढलेले तंतू सौम्य गंधकाम्लात गरम ठेवून आधीचे आणि नंतरचे वजन पाहिले, की ई-ग्लासची घट ईसीआरपेक्षा कितीतरी जास्त दिसते; ही चाचणी बाहेरून करून घेण्याचा खर्च एका टाकीच्या दुरुस्तीपुढे काहीच नाही. टाकीच्या आतल्या पहिल्या थराला सी-ग्लास या आम्लाला टिकणाऱ्या काचेचा टिश्यू, म्हणजे पातळ पडदा, लावतात, मात्र कॉस्टिक सोडा, हायपोक्लोराइट किंवा हायड्रोफ्लोरिक आम्ल साठवायचे असेल तर काचेऐवजी पॉलिएस्टरचा टिश्यू घ्यावा लागतो. टाकीत काय भरणार आहात, असे जो पुरवठादार आपणहून विचारतो, त्याच्याविषयी माझे मत तिथेच निम्मे चांगले होते.

दुसरी गोष्ट म्हणजे सायझिंग. काच आणि रेझिन यांना एकमेकांशी जोडणारा सिलेनयुक्त लेप तंतू ओढतानाच त्यावर बसवलेला असतो, आणि तो पॉलिएस्टर, व्हिनाइल एस्टर, इपॉक्सी यांपैकी कशाशी जुळतो हे लेप बनवणाऱ्यालाच ठाऊक असते. मॅटमध्ये याखेरीज तंतू एकत्र धरणारा बाइंडरही असतो. नेहमीच्या पावडर किंवा इमल्शन मॅटचा बाइंडर रेझिनमधल्या स्टायरिनमध्ये विरघळतो. इपॉक्सीत स्टायरिन नसते, म्हणून तीच मॅट इपॉक्सीबरोबर वापरली की ती नीट मोकळी होत नाही आणि साच्याच्या कोपऱ्यांत बसत नाही. पातळ विणीच्या कापडाची गोष्ट आणखी वेगळी आहे. पाइपवर गुंडाळायचे उष्णतारोधक कापडही ‘फायबरग्लास क्लॉथ’ याच नावाने विकले जाते, पण विणकामासाठी त्याच्या धाग्यावर स्टार्च आणि तेलाचा लेप असू शकतो. तो जाळून काढून वर सिलेनचा फिनिश दिल्याशिवाय रेझिन त्याला धरत नाही.

हे ओळखण्यासाठी आम्ही नमुन्याचा तुकडा काचेच्या तावदानावर ठेवतो, वजन करून रेझिन ओततो आणि घड्याळ लावतो. दोर पांढऱ्याचे पारदर्शक व्हायला किती वेळ लागतो आणि रोलर फिरवल्यावरही कुठले दोर पांढरे राहतात, हे तावदानाच्या खालच्या बाजूने स्पष्ट दिसते. घट्ट झालेल्या याच तुकड्याच्या (लॅमिनेटच्या) पट्ट्या कापून निम्म्या दोन तास उकळत्या पाण्यात ठेवाव्यात आणि नंतर सगळ्यांची वाकवण्याची ताकद तपासावी. उकळलेल्या पट्ट्या पांढुरक्या पडून त्यांची ताकद बरीच घसरली, तर सायझिंग आपल्या रेझिनशी जुळत नाही असा संशय घ्यायला जागा आहे.

नमुना मात्र सगळ्यांचाच चांगला असतो. घसरण होते ती पुढच्या खेपांमध्ये, आणि तिचे कारण दर वेळी लबाडीच असते असे नाही. काच वितळवून धागा काढणारे कारखाने देशात मोजकेच आहेत. तळोज्यात ओवेन्स कॉर्निंगने आणि गोव्यात कोलवाळ येथे गोवा ग्लास फायबरने असे कारखाने उभारले. बाकी बराचसा धागा आयात होतो. विणणारे त्याहून पुष्कळ, आणि व्यापारी त्यांच्याहून पुष्कळ. विणणाऱ्याने या महिन्यात एकाची रोव्हिंग घेतली आणि पुढच्या महिन्यात स्वस्त मिळाली म्हणून दुसऱ्याची, तर कापडाची वीण आणि जीएसएम तेच राहून सायझिंग बदलते. आमच्याकडे एका पुरवठादाराच्या मालाने असेच केले होते: तेच लेबल, तीच रुंदी, पण कापड भिजायला इतका वेळ घेऊ लागले की रेझिन जेल होण्याआधी (घट्ट होऊ लागण्याआधी) हवा काढणे कारागिरांना जमेना, आणि दोष आधी रेझिन लवकर घट्ट व्हावे म्हणून घालतात त्या कोबाल्टच्या मात्रेवर आला. म्हणून ‘ही रोव्हिंग कुणाची, आणि ती बदलणार असाल तर आधी कळवाल का?’ हा प्रश्न मी भावाच्या आधी विचारतो. व्यापाऱ्याकडून घेण्यात काही गैर नाही, छोट्या कार्यशाळेला तोच परवडतो. पण मूळ कारखान्याचा बॅच क्रमांक त्याने रोलवरून काढून टाकलेला नसावा.

कागदपत्रांत मॅटसाठी भारतीय मानक आयएस ११५५१ आणि वोव्हन रोव्हिंगसाठी आयएस ११२७३ यांचा उल्लेख असावा, पण नुसत्या उल्लेखाने भागत नाही. प्रमाणपत्रावर त्याच बॅचचे जीएसएम, ओलावा आणि जाळल्यावर होणारी घट यांचे आकडे हवेत. ही घट मफल फर्नेस या बंद भट्टीत ६२५ अंश सेल्सिअसला मोजतात. वोव्हन रोव्हिंगमध्ये ती सहसा १ टक्क्याच्या आत असते, मॅटमध्ये बाइंडरमुळे काही टक्के भरते. प्रत्येक खेपेला दशांशापर्यंत अगदी तोच आकडा येत असेल, तर तो मोजलेला नसून छापलेला आहे असे मी धरून चालतो.

पावसाळ्यात पॅकिंगकडे वेगळे लक्ष द्यावे लागते. कोकणातल्या कामांना जून ते सप्टेंबरमध्ये जाणारा रोल नुसत्या विणलेल्या गोणपाटात आला तर तो कडांनी दमट होतो, आणि दमट काचेवर रेझिन नीट बसत नाही. बंद प्लास्टिक, आत ओलावा शोषणारी पुडी आणि आडव्या रोलवर दुसऱ्या रोलचे ओझे न टाकणे एवढे पुरवठादाराने करावे; आल्यावर रोल न उघडता दिवसभर कार्यशाळेच्या तापमानाला येऊ देणे हे आपले काम.

या सगळ्या अटी आता आमच्या खरेदी आदेशातच लिहिलेल्या असतात: काचेचा प्रकार, रेझिनशी जुळणारे सायझिंग, जीएसएममधला मान्य फरक, रोव्हिंगचा स्रोत आणि बॅचचे प्रमाणपत्र. काही जण त्या वाचून भाव वाढवतात, ते समजण्यासारखे आहे. काही जण ‘माल तोच आहे, कागद मागून पाठवतो’ असे म्हणतात. त्यांचा रोल प्रमाणपत्र येईपर्यंत न उघडता वेगळा ठेवला जातो, आणि उधारीचे दिवसही प्रमाणपत्र हातात आल्यापासूनच मोजले जातात.